मेसच्या काकू आणि मागे राहिलेली कुत्री

काकूंना कुत्र्यांची दया येत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण लातुरात आमच्या भागात 'मेसच्या काकूंचं घर कुठं?' असं विचारलं की सांगणारा हटकून 'त्या कुत्र्यांच्या काकू ना?' असं म्हणायचा, आणि नव्या माणसाची समजूत व्हायची की ही कुणी कनवाळू बाई असणार, येता-जाता कुत्र्यांना कुरवाळत असणार. ती समजूत पहिल्या भेटीतच मोडायची. 'बिचारं' हा शब्द काकूंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. क्लासला जाता जाता एखादं पोरगं कोपऱ्यावरच्या पिल्लाला बिस्कीट टाकून त्याच्याकडे कौतुकानं बघत उभं राहिलं, की काकू ओट्यावरून हाक मारायच्या, "ए बाबू, बिस्कूट टाकलास, बरं केलास. सांच्याला काय टाकशील? उद्या सकाळी? आन् परीक्षा झाल्यावर?" पोरगं उरलेली बिस्किटं खिशात घालायचं. "मंग खामखा तेला आशा लावू नगं," असं म्हणून काकू पुन्हा शेंगा निवडायला लागायच्या.

मी मूळची नांदेडची. इथल्या एका क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवते आणि काकूंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते. खाली काकूंची मेस होती. नवरा डाळमिलमध्ये कामाला होता, तो अकाली गेला, तेव्हा काकूंनी क्लासच्या पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. एकुलता मुलगा प्रमोद त्यावरच शिकला आणि पुण्याला नोकरीला लागला. मी इथं आले तेव्हा कुत्र्यांना भयंकर घाबरत असे. वर्गात भरगच्च बाकांसमोर सस्तन प्राण्यांची लक्षणं न अडखळता सांगायची, आणि संध्याकाळी त्यातलाच एक प्राणी जिन्याच्या पायरीवर बसलेला दिसला की फाटकाबाहेर उभी राहून काकूंना हाका मारायची. काकू यायच्या, कुत्र्याला बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम, ते तुमाला भ्यालंय. तुमी वरडायलाव न्हवं." त्यात चेष्टा किती आणि माहिती किती, ते मला कळायचं नाही. राग मात्र यायचा.

आमच्या भागाचं एक वर्षाचं चक्र आहे. पावसाळा तोंडावर आला की गावोगावची पोरं येतात. गादी, बादली, कूलर आणि पुस्तकांची खोकी घेऊन. डॉक्टर व्हायला आलेली ही पोरं दिवसभर क्लासमध्ये आणि उरलेला वेळ खोलीत कोंडलेली असतात. बोलायला कुणी नसतं. मग एखाद्या थंडीत कुणाच्या तरी खोलीत एक पिल्लू येतं. त्याला मायटो, कटऑफ अशी अभ्यासातली नावं मिळतात. खोलीतली सगळी पोरं त्याच्यासाठी आपल्या डब्यातली पोळी काढून ठेवतात, त्याला पुस्तकावर झोपू देतात, घरच्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवतात. आणि मे महिन्यात परीक्षा संपली की दारात टेम्पो येतो, गादी चढते, कूलर चढतो, पोरं चढतात. कुत्रं रस्त्यावर राहतं. टेम्पोच्या मागे चौकापर्यंत पळतं आणि परत येतं. लातुरात राहणाऱ्या माणसानं हे इतक्या वेळा पाहिलेलं असतं की त्याला ते दिसेनासं होतं.

काकूंना ते दिसलं भुरीमुळे. मी नवीन होते त्या वर्षीची गोष्ट. मागच्या खोलीतल्या दोन पोरांनी ही तपकिरी कुत्री लहानाची मोठी केली आणि एके सकाळी तिच्यादेखत कुलूप लावून निघून गेली. भुरी त्या कुलपासमोर बसून राहिली. काकूंनी भाकरी टाकली, तिनं हुंगली नाही. नवीन भाडेकरू आले, दार उघडलं, तेव्हा ती आत शिरली, पलंगाचे चारी पाय हुंगले, बाहेर आली आणि पुन्हा दारात बसली. काकूंनी त्या पोरांना फोन लावला. एकाचा बंद होता. दुसरा म्हणाला, "काकू, तुम्हीच ठेवा ना. तुम्हाला आवडतात कुत्री."

"मला आवडत्यात का न्हाई ते मी बघीन," काकू म्हणाल्या. "तुला आवडत हुती का, तेवडं सांग."

पलीकडून फोन ठेवला गेला. काकूंनी पदराला हात पुसले, भुरीच्या शेजारी फरशीवर बसकण मारली आणि स्वतःच्या ताटातली भाकरी तिच्यासमोर खायला सुरुवात केली. ताट संपत आलं तेव्हा भुरीनं मान पुढे केली. त्या दिवसापासून भुरी काकूंची झाली आणि मेसला एक नियम लागू झाला. "गादी आन् कुत्रं संगट जाईल."

हा नियम काकूंनी असा काही राबवला की मे महिना आला की मला जिन्यावर खुर्ची टाकून बसावंसं वाटे. टेम्पो भरत आला की काकू पदर खोचून खाली यायच्या आणि एकेक वस्तू बोटानं दाखवत विचारायच्या, "बादली चढली? कूलर चढला? आन् ह्ये?" 'ह्ये' म्हणजे चाकाजवळ शेपूट हलवत बसलेलं जनावर. एकदा एका मुलाचे वडील आले होते, कडक इस्त्रीचे कपडे, हातात गाडीची किल्ली. ते हसून म्हणाले, "अहो काकू, गावठी कुत्रं आहे. आमच्या गावात अशी पन्नास फिरतात."

"पन्नास असतील की. तेंच्यातल्या येकाला तरी तुमचा पोरगा ठावा हाय का? हेला हाय." एवढं म्हणून काकू टेम्पोच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं बिडी पेटवली. वडील थोडा वेळ घड्याळाकडे, थोडा वेळ पोराकडे बघत राहिले, आणि शेवटी कुत्र्याला पुढच्या सीटवर जागा मिळाली.

एवढं करूनही एखादा निसटायचाच. मग काकू त्याच्या गावी जायच्या, कुत्र्याला घेऊन. मुरूड, रेणापूर, कुठेही. कंडक्टरशी वाद घालण्यात वेळ जातो म्हणून बाजार समितीतून परत जाणारं एखादं पिकअप गाठायचं, ठेवणीतली साडी नेसून ड्रायव्हरशेजारी बसायचं, पायाशी कुत्रं आणि मांडीवर धपाट्यांचा डबा. सोयऱ्यांकडे निघाल्यासारख्या त्या निघायच्या. मुरूडला त्यांच्याबरोबर मीही एकदा गेले होते, कुतूहलापोटी. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्या घरच्या बाईला म्हणाल्या, "ताई, तुमचं लेकरू ह्ये इसरून आलंय. तेवडं घ्या." शेजारपाजारची माणसं जमली. पोरगं लाजेनं दाराआड लपलं होतं, पण कुत्र्याला दार आणि भिंत यांचं काय सोयरसुतक. ते हिसका देऊन आत घुसलं, आणि पुढच्या क्षणी ते पोरगं अंगणातल्या मातीत बसून त्याला दोन्ही हातांनी धरून होतं. कुत्र्याचं सगळं अंग हलत होतं. परत येताना काकूंनी डबा उघडून एक धपाटं माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाल्या, "बगितलात न्हवं मॅडम? तेला जरा बी राग न्हवता. आपून असतो तर जल्मभर बोललो नसतो." त्या दिवशी जिन्यावर भुरी बसली होती. मी तिच्या बाजूनं अंग चोरून वर गेले, पण हाक मारली नाही.

काकूंची फजितीही सांगायला हवी, कारण ती त्या स्वतःच ज्याला त्याला सांगायच्या. देगलूरचा एक अबोल मुलगा होता. त्याचं कुत्रं म्हणजे कटऑफ. परीक्षा झाली आणि मुलगा दुसऱ्याच दिवशी पहाटे कुणाला काही न सांगता गावी गेला. कटऑफ फाटकाला बांधलेला. काकूंनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला घेऊन देगलूरचा रस्ता धरला. इतक्या लांब त्या कधी गेल्या नव्हत्या, त्यामुळे रागही वाटेत भरपूर साठला होता. दारात पोचल्या त्या बोलतच. जनावराला आशा लावायची आणि कात्रीनं कापल्यासारखी कापायची, हे घरात शिकवलं का, वगैरे. मुलाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "पाणी घ्या अगोदर. पोरगं तर सकाळीच लातूरला गेलंय हो. मामाचा टेम्पो घेऊन. कुत्रं आणायलाच गेलंय."

काकूंना तिनं परसात नेलं. तिथं तुराट्यांचा ताजा आडोसा केला होता, वर जुनं पोतं टाकून सावली, आणि मातीत अर्धं पुरलेलं एक मडकं, पाणी गार राहावं म्हणून. आदला सगळा दिवस पोरगं तेच करत होतं. काकू त्या मडक्याकडे बघत असतानाच त्यांचा फोन वाजला. लातूरहून ते पोरगं रडत होतं. "काकू, कटऑफ दिसंना. साखळी बी न्हाई. समदीकडं बगितलं."

"हितं हाय बाबू," काकू म्हणाल्या. "तुज्या दारात हाय."

मुलगा परत येईपर्यंत काकू तिथंच थांबल्या. लगेच निघता आलं असतं, पण थांबल्या. तो टेम्पोतून उतरला तशा उठून पुढे गेल्या आणि त्याच्या आईसमोर म्हणाल्या, "माजं चुकलं. मी तुला इचारलंच न्हाई." परत आल्यावर ही हकीकत त्यांनी मला, प्रमोदला, भाजीवालीला, आणि मेसच्या पंगतीत सगळ्या पोरांना सांगितली. सांगताना स्वतःच्या बोलण्याची नक्कलही करायच्या. आपल्या फजितीची इतकी चांगली नक्कल करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी पद्धतच बदलली. आता त्या आधी विचारायच्या. कुणी पिल्लू घेऊन दारात आलं की काकू त्याच्या घरी फोन लावायच्या, स्पीकर चालू करून, त्या पोरासमोरच. "मी मेसची काकू बोलायले. तुमच्या लेकरानं कुत्र्याचं पिल्लू आणलंय. क्लास संपला की ते तुमच्या दारात येनार. जागा हाय का? आन् तुमचं पोरगं पुडं कॉलेजला गेल्यावर बगनार कोन, तुमी का आजी?" बहुतेक पिल्लं या फोनवरच अडायची. पोरं चिडायची. एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, या काकू सोयरीक जमवल्यासारखं करतात." मी ते काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग? तसंच हाय ते. खेळनं न्हाई." आणि ज्या घरातून 'हाव' आलं, त्या पिल्लाला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सुई देऊन आणायची जबाबदारी त्या पोराची. सुई देऊन झाल्याशिवाय त्याला मेसमध्ये ताट मिळत नसे.

एवढा करडेपणा असताना भुरीशी मात्र त्यांचं दिवसभर बोलणं चालायचं. पोळ्या लाटताना, चुली पुसताना, गोलाईच्या बाजारात भाजी घ्यायला जाताना. माझ्याबद्दल काकूंचं काय मत आहे ते मला भुरीकडूनच कळत गेलं. मी वर खिडकीत बसलेली असायची आणि खालून आवाज यायचा, "भुरे, वरच्या मॅडमनी आज बी डबा तसाच ठिवला. दुसऱ्याच्या लेकरांना पोषन शिकवायचं आन् आपून उपाशी." आवाज मला ऐकू यावा एवढाच मोठा असायचा. मी डबा खाऊन टाकायची. पाणीटंचाईच्या दिवसांत टँकरची वाट बघत सगळे बादल्या घेऊन बसलेले असताना एक भाडेकरू भुरीच्या भांड्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. काकू म्हणाल्या, "ते माज्या आंगुळीचं हाय. तुमच्यातलं न्हाई." त्या उन्हाळ्यात काकू एक दिवसाआड आंघोळ करायच्या, आणि त्याची कुठं वाच्यता केली नाही.

माझी भीती कधी गेली ते सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की मी वर्गातून आले की आधी जिन्यावर बसते, भुरी येऊन गुडघ्याला टेकते, आणि दिवसभर बोलून बसलेला घसा तिथं शांत होतो. तिच्याशी काही बोलावं लागत नसे. माणसांत राहून दमलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याला कुत्रं आहे त्यालाच कळेल.

मग काकूंचे गुडघे गेले. आधी जिना बंद झाला, मग गोलाई. डॉक्टरांनी दोन्ही वाट्या बदलायला सांगितल्या. प्रमोद पुण्याहून आला. म्हणाला, "आई, आता मेस बस झाली. तिकडं चल, ऑपरेशन करू, तिथंच राहा." सगळं रास्त होतं. फक्त भुरीला नेता येत नव्हतं. प्रमोदच्या मुलाला दमा होता. कुत्र्याचा केस जवळपास आला तरी त्याची छाती भरून यायची. प्रमोद वाईट मुलगा नव्हता. भुरीला थोपटत तोही हताश होऊन बसला होता. काकू म्हणाल्या, "मंग ऑपरेशन न्हाई. हिचं काय ते होऊ दे, मंग बगू." भुरी म्हातारी झाली होती, पण धडधाकट होती. तिचं 'काय ते' व्हायला वर्षं लागली असती, आणि काकू तोवर भिंतीला धरून चालणार होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या चुलीपासून दारापर्यंत जाताना दोनदा थांबायच्या.

मी म्हटलं, भुरीला मी ठेवते. मला वाटलं, काकूंच्या डोळ्यांत पाणी येईल. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आईचा नंबर द्या."

मला राग आला. चाळिशीला टेकलेली बाई मी, मला पहिल्या वर्षाच्या पोरासारखं वागवायचं? मी तसं बोलून दाखवलं. काकूंनी शांतपणे विचारलं, "नांदेडच्या क्लासवाल्यांनी तुमाला बोलावलंय का न्हाई?" बोलावलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण फोनवर बोलताना भुरी पायाशी असायची आणि काकू खाली असायच्या. "तिकडं गेलात तर आईजवळ ऱ्हानार. मंग आईलाच इचारलं पायजे." त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, स्पीकर चालू करून. माझी आई भाबडी. तिनं खरं ते सांगितलं. "मला कुत्र्याची फार भीती वाटते हो. रात्री झोप लागणार नाही." काकू म्हणाल्या, "खरं बोललात, लई बरं झालं." फोन ठेवून मला म्हणाल्या, "मंग न्हाई." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी शाळकरी पोरीसारखी मी नांदेडला गेले आणि आईला लातूरला घेऊन आले. समजूत घालणं माझ्यानं होणार नव्हतं, ती काकूंनी केली. त्यांनी आईला काहीच पटवून दिलं नाही. नुसतं ओट्यावर बसवलं, हातात पालकाची जुडी दिली आणि भुरीला बोलावलं. आईनं पाय वर घेतले. भुरी खाली पसरली. दुसऱ्या दिवशी आईचा एक पाय खाली आला. आई आठवडाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी भुरी कुठं दिसेना, तर माझी आई तिच्यामागे स्वयंपाकघरात जाऊन सांगत होती, "तिकडं आमच्याकडे अंगण आहे गं, हे असलं सिमेंट नाही." काकूंनी मला बोलावलं. "मॅडम, आता न्या."

दुसऱ्याच सकाळी त्यांनी भुरीचं ताट माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "आजपासून तुमीच द्यायचं. मी देनार न्हाई, बोलनार बी न्हाई." आणि खरोखर त्या बोलेनाशा झाल्या. ज्या घरात दिवसभर 'भुरे, भुरे' चालायचं ते घर मुकं झालं. भुरी जाऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकवायची. काकू पाय काढून घ्यायच्या. ती पुन्हा जवळ सरकायची. काकू उठून भिंत धरत दुसरीकडे जाऊन बसायच्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काकू, आहात तोवर तरी जवळ घ्या तिला. तिला काय वाटत असेल?"

"मॅडम, ती पोरं तिच्यादेखत गेली, तवा ही कुलपापाशी बसली हुती. मी तशी गेले तर परत बसंल. म्हातारपनी आता उटायची न्हाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिला मी नकोशी झाले पायजे. तुमी हव्याशा व्हा. तेवडं करा."

पहिले दोन दिवस भुरी जेवली नाही. मी ताट घेऊन फरशीवर बसायची, स्वतः खायची, वाट बघायची. काकू आत असायच्या, पण भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा. भुरीनं पहिला घास घेतला तेव्हा मी आत जाऊन सांगितलं. "समदं खाल्लं?" त्यांनी विचारलं. समदं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पिठात पाणी घातलं. हळूहळू भुरी माझ्यामागे जिना चढायला लागली. मग माझ्या खोलीतच झोपायला लागली. एके सकाळी ती काकूंच्या समोरून, त्यांच्याकडे न बघता, माझ्यामागे फाटकापर्यंत गेली. मी चोरून काकूंकडे पाहिलं. त्या दोडके सोलत होत्या.

काकू आता बऱ्या आहेत. नवीन गुडघ्यांनी पुण्यात नातवाला बागेत नेतात. मला फोन करतात, मेस चालवायला घेतलेल्या बाईच्या भाकरीला नावं ठेवतात, माझ्या आईची चौकशी करतात. भुरी जेवते का, पाय दुखतो का, हे सगळं विचारतात, पण बोलणं सुरू करण्याआधी मी गच्चीवर गेले आहे की नाही, ते विचारून घेतात. आपला आवाज तिच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट आहे. मी नांदेडच्या क्लासला पुढच्या वर्षी येते म्हणून कळवलं आहे, आणि दुपारी भुरीसाठी घरी जाता आलं पाहिजे, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. लग्न न केलेल्या बाईनं कुत्र्यासाठी नोकरीच्या अटी घालाव्यात, याचं क्लासमधल्या लोकांना हसू येतं. येऊ दे.

त्या जाण्याच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. काकूंनी दुपार ठरवली होती. जेवण झालं की भुरी गाढ झोपते, ते त्यांना माहीत होतं. सामान आदल्या दिवशी, मी तिला फिरायला नेलं तेव्हाच गाडीत भरलं होतं. मी वर, खोलीच्या उंबऱ्यात सतरंजीवर बसले होते, भुरी माझ्या पायाशी. कठड्यातून खालचं फाटक दिसत होतं. काकू प्रमोदचा हात धरून बाहेर आल्या, फाटकाशी थांबल्या आणि वर बघितलं. दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले. झोपली का? मी मान हलवली. प्रमोदनं गाडी सुरू केली. भुरीचा कान हलला. तिनं डोळे अर्धवट उघडले, माझं पाऊल हनुवटीखाली नीट ओढून घेतलं आणि पुन्हा झोपली.

काकूंना ते सगळं दिसलं. त्या हसल्या, अगदी तोंडभर. "जमलं," असं म्हणाल्या असाव्यात, ओठ तसे हलले. मला भुरीला हलवून उठवावंसं वाटत होतं, फार वाटत होतं, पण मी हललेसुद्धा नाही. काकू गाडीत बसल्या. प्रमोद आरसा नीट करत असल्यासारखा दुसरीकडे बघत बसून राहिला. काकूंनी पदर तोंडाशी नेला, मग थांबल्या, आणि आधी काच वर करून घेतली.